सुई, वेदना आणि मोडलेले हाड

"सुया टोचल्या की दुखणे थांबते म्हणतात, मग पायाचे मोडलेले हाडही सुयांनी जुळेल का?" करमाळ्यासारख्या गावात हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, तसे त्यांचे पालकही विचारतात. प्रश्न एकच दिसत असला तरी त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सुईने वेदना कमी होते का, हा एक. आणि सुईने हाड जुळते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लांबलचक व मोठे मनोरंजक आहे. दुसऱ्याचे अगदी आखूड आहे. गोंधळ होतो तो पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे, आणि या गोंधळापायी एखाद्याचा पाय कायमचा वाकडा राहू शकतो. म्हणून हे दोन्ही प्रश्न आपण सोडवून पाहू या.

ॲक्युपंक्चर हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. 'ॲकस' म्हणजे सुई आणि 'पंक्चुरा' म्हणजे टोचणे. सायकलच्या पंक्चरचे मूळही तेच! ही पद्धत चीनची, दोन हजार वर्षांहून जुनी. आपल्या सोलापूर जिल्ह्याचा आणि तिचा संबंध काय, असे तुम्हाला वाटेल. संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा, सप्टेंबर १९३८ मध्ये, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे एक पथक मुंबईहून चीनला पाठवले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे त्यात होते, आणि पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच मरण पावले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

पुढे लुधियान्यात ॲक्युपंक्चरचे एक रुग्णालय निघाले, त्याला कोटणीसांचे नाव देण्यात आले. तेव्हापासून कोटणीसांनीच ही विद्या भारतात आणली असा अनेकांचा समज झाला. वास्तविक कोटणीस शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांवर त्यांनी केलेले उपचार हे चाकू, टाके, पट्ट्या आणि फळ्या यांचे होते. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. ते भारतात परतले, १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धत शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर करू लागले.

आता मोडणाऱ्या वस्तूकडे, म्हणजे पायाकडे वळू. घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एका पावलात २६ हाडे असतात. घोटा आणि टाच मिळून ७, तळव्यातली लांब हाडे ५ आणि बोटांची १४. दोन्ही पावलांची मिळून ५२ झाली. प्रौढ माणसाच्या अंगात सगळी मिळून २०६ हाडे धरतात. म्हणजे शरीरातील हाडांचा चौथा हिस्सा फक्त पावलांत आहे!

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळाजवळ शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. अशा विहिरीच्या पायऱ्यांवरून मुले शेवटच्या दोन-तीन पायऱ्या गाळून खाली उडी मारतात. त्या उडीचे गणित करून पाहा. मुलाचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आणि उडी अर्ध्या मीटरची धरा. पाय जमिनीला टेकल्यावर शरीर थांबेपर्यंत ते आणखी थोडे खाली जाते. गुडघे वाकवून उडी मारली तर हे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर होते. पडताना मिळालेली सर्व ऊर्जा या २५ सेंटिमीटरमध्ये शोषली जायची आहे. एकूण ७५ सेंटिमीटर भागिले २५, म्हणजे सरासरी बल वजनाच्या तिप्पट, १५० किलोग्रॅम भाराइतके येते. पण गुडघे ताठ ठेवून टाचेवर आदळला आणि शरीर २ सेंटिमीटरमध्येच थांबले, तर ५२ भागिले २, म्हणजे वजनाच्या २६ पट, १३०० किलोग्रॅम भार! उडी तीच, मुलगा तोच, फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा. चिंचेच्या झाडावरून किंवा गवंडीकामाच्या परांचीवरून पडलेल्या माणसाचे टाचेचे हाड का चुरते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसऱ्या प्रकारचा अस्थिभंग आदळल्याने होत नाही, तो चालण्याने होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसेच येथे होते. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या दुखऱ्या, सुजलेल्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. कारण मात्र त्याला कळणे शक्य नव्हते, कारण क्ष-किरणांचा शोध राँटगेनने लावला तो १८९५ साली. क्ष-किरणांनी पाहिल्यावर समजले की तळव्यातील दुसऱ्या किंवा तिसऱ्या लांब हाडाला बारीक तडा गेलेला असतो. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी करमाळा तालुक्यातून पंढरपूरकडे जाते. वर्षभर बैठे काम करणारा माणूस एकाएकी रोज वीस-वीस किलोमीटर चालू लागला, तर त्याच्या हाडावर हाच प्रसंग येऊ शकतो. असा तडा पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुष्कळदा क्ष-किरण चित्रातही दिसत नाही. त्याची खबर देते ती फक्त वेदना. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मोडलेले हाड जुळते कसे? आपण म्हणतो की डॉक्टरांनी हाड जोडले. डॉक्टर हाड जोडत नाहीत. ते तुकडे जागेवर बसवतात आणि हलू देत नाहीत. जोडण्याचे काम हाड स्वतः करते. मोडल्याबरोबर फटीत रक्ताची गुठळी तयार होते. तिच्यात नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेसारखा मऊ सांधा बनतो, मग त्यात कॅल्शियमचे क्षार भरत जाऊन तो टणक होतो. तळव्यातले लांब हाड साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत भार सोसण्याजोगे होते. पण जादा साचलेले हाड झिजवून मूळचा आकार आणण्याचे काम पुढे अनेक महिने चालू राहते. या सर्वाला तीन गोष्टी लागतात: तुकडे जवळ असणे, ते फार न हलणे आणि रक्ताचा पुरवठा. घोट्यातले, नडगीच्या हाडाखाली बसणारे एक हाड असे आहे की त्याला रक्त बेताचेच मिळते. ते मोडले आणि नीट बसवले नाही तर त्याचा काही भाग मरूनही जातो. करंगळीच्या रेषेतले, बाहेरच्या कडेचे लांब हाड बुडापासून थोडे पुढे मोडले तर तेही जुळायला हट्टीपणा करते. सर रॉबर्ट जोन्स या नामांकित अस्थितज्ज्ञाने या अस्थिभंगाचे वर्णन १९०२ साली प्रसिद्ध केले, आणि त्यातला एक रुग्ण तो स्वतः होता. नाचताना त्याचाच पाय मोडला होता!

हाडाबद्दलची एक गोष्ट पदार्थविज्ञानाच्या माणसाला फार आवडते. फुकाडा व यासुदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९५७ साली दाखवून दिले की कोरड्या हाडावर दाब दिला की त्यावर विद्युत्‌भार निर्माण होतो. गॅस पेटवण्याच्या लायटरमध्ये स्फटिकावर दाब पडून ठिणगी उडते, त्याच जातीचा हा गुणधर्म. यावरून पुढे न जुळणाऱ्या हाडांना अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह देण्याचे प्रयोग झाले आणि १९७९ साली अमेरिकेत अशा उपकरणांना मान्यताही मिळाली. काही ॲक्युपंक्चर करणारे लोक सुयांना विद्युत्‌घटाच्या तारा जोडतात, आणि मग 'विजेने हाड जुळते' हे वाक्य त्यांच्या सुयांनाही लावले जाते. पण दोन्हींत साम्य आहे ते केवळ विजेचे. हाडाच्या उपकरणात भंगाच्या फटीतच ऋणाग्र बसवून सुमारे २० मायक्रोअँपिअरचा एकदिश प्रवाह कित्येक आठवडे अखंड देतात. सुयांतून दिला जातो तो अर्ध्या तासाचा, थांबून थांबून येणारा स्पंदप्रवाह, आणि तो स्नायू व मज्जातंतू यांच्यासाठी असतो. शिवाय हाडाच्या उपकरणांचा फायदाही सर्व प्रयोगांत सारखा दिसलेला नाही.

आता सुईकडे येऊ. ॲक्युपंक्चरची सुई पाव मिलिमीटर जाडीची, भरीव आणि टोकाला निमुळती असते. इंजेक्शनची सुई पोकळ व धारदार कडेची असते, ती त्वचा कापत जाते. ही तंतू बाजूला सारत जाते. म्हणून तिचे टोचणे फारसे जाणवत नाही. चिनी कल्पनेप्रमाणे शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती चौदा मार्गांनी वाहते, त्या मार्गांवर ३६१ बिंदू आहेत आणि प्रवाह तुंबला की दुखणे येते. उदाहरणार्थ, घोट्याचा बाहेरचा उंचवटा आणि टाचेमागची जाड शीर यांच्यामधल्या खळग्यात 'खुनलुन' नावाचा बिंदू मानतात. हे मार्ग शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली कोणालाही दिसलेले नाहीत, आणि 'ची' मोजण्याचे उपकरण नाही. चीनमध्येही या पद्धतीवर सर्व काळ सर्वांची श्रद्धा होती असे नाही. १८२२ साली तेथल्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ती काढून टाकली होती. तिला पुन्हा सरकारी पाठबळ मिळाले ते १९५० नंतर.

जगात तिचा गाजावाजा झाला तो १९७१ साली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली आणि तेथेच शस्त्रक्रिया करावी लागली. सुयांची भूल देऊन त्यांचे पोट कापले, ही कथा अजूनही सांगितली जाते. रेस्टन यांनी स्वतः लिहिले ते निराळेच होते: भूल नेहमीच्या औषधांच्या इंजेक्शनने दिली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातील वाताचा त्रास कमी व्हावा म्हणून. आणि त्याने आपल्याला आराम वाटला, असे त्यांनी नमूद केले. बातमी तोंडातोंडी होताना सुई कशी मोठी होत जाते, त्याचा हा नमुना होय.

पण आराम वाटला हे तर खरे ना? मग त्याचे स्पष्टीकरण काय? त्यासाठी आधी वेदना म्हणजे काय ते पाहू. अंधारात उंबऱ्याला अंगठा ठेचकाळल्याचा अनुभव तुम्हाला असेलच. आधी एकदम चमक येते, आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. ही दोन निरनिराळ्या तारांची कामे आहेत. एका जातीचे मज्जातंतू निरोप सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने नेतात, दुसऱ्या जातीचे सेकंदाला सुमारे १ मीटरच. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचे अंतर मीटरभर धरले, तर चमक सेकंदाच्या पंधराव्या भागात पोहोचते आणि ठणक्याला पूर्ण सेकंद लागतो. याखेरीज स्पर्श व दाब यांचे निरोप नेणारे तिसऱ्या जातीचे तंतू या दोन्हींपेक्षा वेगवान असतात. ठेचकाळलेला अंगठा आपण आपोआप चोळतो आणि थोडे बरे वाटते, ते का? मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचे एक उत्तर सुचवले. मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक आहे; स्पर्शाचे निरोप जोरात आले की ते फाटक ठणक्याच्या निरोपासाठी काहीसे लोटले जाते. मेंदूही वरून हे फाटक उघडझाक करू शकतो. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु वेदना वाटेत अडवता येते ही मूळ कल्पना टिकून राहिली.

दुसरा धागा रसायनाचा. १९७५ साली ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच अफूसारखे काम करणारी द्रव्ये सापडली. लगेच प्रश्न आला, सुई हीच द्रव्ये सोडवत असेल काय? अफूचा परिणाम पुसून टाकणारे नॅलोक्सोन नावाचे औषध असते. १९७७ साली मेयर व त्याच्या सहकाऱ्यांनी सुयांनी वेदना कमी झालेल्या माणसांना ते दिले, तेव्हा सुयांचा परिणाम बराचसा पुसला गेला. पेकिंगमध्ये हान जिशेंग यांनी प्राण्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवले की सुईतून सेकंदाला २ स्पंद दिले तर एक द्रव्य सुटते आणि १०० स्पंद दिले तर दुसरेच. २०१० साली अमेरिकेत उंदरांच्या गुडघ्याखाली सुई टोचून फिरवली असता तेथे ॲडेनोसिन नावाचे द्रव्य वाढते आणि पंजाची वेदना कमी होते, असे आढळले. थोडक्यात, टोचणे ही शरीराच्या दृष्टीने एक खरी घटना आहे आणि तिला शरीर खरे उत्तर देते. त्याला 'ची'ची गरज पडत नाही.

येथे मात्र एक पेच आहे, आणि तो सोडवण्याची युक्ती मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. उपचार झाला, या विश्वासानेही वेदना कमी होते. साखरेच्या गोळीनेही होते. मग सुईचा भाग किती आणि विश्वासाचा किती? औषधाच्या बाबतीत अर्ध्या लोकांना खोटी गोळी देता येते, पण खोटी सुई कशी देणार? १९९८ साली जर्मनीत श्ट्राइटबर्गर यांनी नाटकातल्या खंजिरासारखी सुई बनवली. बोथट टोक त्वचेला टेकले की सुई स्वतःच्या मुठीत सरकते. रोग्याला वाटते आत गेली. खोटा उपचार आणखी एका रीतीने देतात: ठरावीक बिंदू सोडून भलतीकडे, वरवर सुई टोचायची. जर्मनीतच ११६२ कंबरदुखीच्या रोग्यांवर असा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, खोट्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि औषध-व्यायामाचा नेहमीचा उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के लोक सुधारले.

हे तीन आकडे नीट पाहा. दोन्ही बाजूंचे लोक यातला आपल्या सोयीचा आकडा उचलतात. सुया घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा पुष्कळ सुधारले, हे खरे. आणि सुई कोठे टोचली याने जवळजवळ काही बिघडले नाही, हेही तितकेच खरे. ३६१ बिंदूंच्या नकाशाला दुसऱ्या निष्कर्षाने मोठाच धक्का बसतो. इतर दुखण्यांवरील सर्व प्रयोग एकत्र केले तर खरी सुई खोटीपेक्षा किंचित सरस ठरते, पण तो फरक लहान आहे. पाय मुरगळण्याविषयी म्हणाल तर २०१४ साली तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा चाचण्यांचा दर्जाच इतका कमी निघाला की ठाम काही सांगता येईना. २०१७ साली मेलबर्नच्या चार रुग्णालयांतील ५२८ तातडीच्या रोग्यांवर, त्यांत पाय मुरगळलेलेही होते, सुया आणि गोळ्या यांची तुलना केली. दोन्ही जवळपास सारख्या ठरल्या; पण पहिल्या तासात पुरेसा आराम दोन्हींपैकी कशानेच बहुतेकांना मिळाला नाही.

मग दुसरा प्रश्न, सुईने हाड जुळते का? वर सांगितलेल्या तीन गरजा आठवा. सुई तुकडे जवळ आणत नाही, ते धरून ठेवत नाही, आणि मोडलेल्या जागी हाड लवकर भरते असा विश्वासार्ह पुरावा नाही. प्लास्टर बांधलेल्या रोग्याने ठणका कमी व्हावा म्हणून डॉक्टरांच्या संमतीने सुया घेतल्या तर ती वेगळी गोष्ट. पण प्लास्टरऐवजी सुया घेतल्या तर काय होईल? समजा त्या लागू पडल्या. वेदना गेली म्हणून माणूस चालू लागला. प्रत्येक पावलाला वजनाहून अधिक भार त्या फटीवर येतो, तुकडे सरकतात, मऊ सांधा फाटतो. उपचार जितका यशस्वी, तितका पाय अधिक बिघडणार!

वेदनेची राखण गेली तर काय होते, याचा दाखला मधुमेहात मिळतो. कित्येक वर्षांच्या मधुमेहाने पावलांचे मज्जातंतू निकामी झाले की माणूस मोडलेल्या हाडांवर आठवडेच्या आठवडे चालत राहतो. पाऊल लाल व गरम होते, सुजते आणि शेवटी त्याची कमान ढासळते. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीही हेच पाहिले: बोटे झडत ती बहुतांशी रोगाने नव्हे, तर दुखत नसल्यामुळे झालेल्या जखमांनी.

तेव्हा पाय मुरगळला की आधी ठरवायचे ते हाड मोडले आहे की नाही. यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली काही सोपे नियम तयार झाले. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड व टोक, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध असलेला उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचे नौकेसारखे हाड, या जागी बोटाने हळूच दाबून पाहायचे. यांपैकी कोठेही हाडावरच दुखले, किंवा लंगडत का होईना चार पावले टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण चित्र काढायचे. पाहा, या तपासणीची सारी भिस्त वेदनेवर आहे. दुखणे आधीच दाबून टाकले असेल, किंवा मधुमेहाने पाय बधिर असेल, तर ही तपासणी फसण्याचा संभव असतो. तेव्हा सरळ चित्रच काढावे. आणि वारीत चालताना एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असे दुखू लागले, तर पहिले चित्र निर्दोष आले तरी चालणे थांबवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चित्र काढावे लागते.

खेड्यांत अजून हाडवैद्याकडे जाण्याची रीत आहे. त्यांतल्या काहींचा हात सांधा बसवण्यात तरबेज असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सुजलेल्या पायावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या तर रक्तपुरवठा बंद पडून पाऊल सडू शकते. बांधल्यावर बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली, तर पट्टी तत्काळ सैल करावी आणि रुग्णालय गाठावे. वाटेत पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि त्या पायावर भार देऊ नये.

हाड जुळल्यानंतरही रेंगाळणाऱ्या दुखण्यासाठी कोणाला सुया घ्याव्याशा वाटल्या, तर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा अधिनियम आहे आणि त्यात उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तेव्हा नोंदणी आहे का, हे पहिले. आणि सुया आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढून एकदाच वापरल्या जातात का, हे दुसरे. कारण एकाच्या अंगातली सुई दुसऱ्याला टोचली तर काविळीचे विषाणू तिच्याबरोबर जातात. मधुमेही माणसाच्या बधिर पावलात मात्र सुई टोचून घेण्यापूर्वी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. तेथे झालेली बारीक जखमही दुखत नाही, आणि चिघळेपर्यंत कळत नाही.